चहाआधीचा अर्धा तास

आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत डबे उघडले की भाजीच्या आधी दुखणी वाटली जातात. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचे पित्त. त्यात "मला थायरॉइड आहे" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतेच. आमचे विज्ञानाचे सर पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणतात, "बाई, थायरॉइड सगळ्यांनाच असतं. नसलं तर पंचाईत." सर बोलतात ते खरे आहे. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी बसलेली ती एक ग्रंथी. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात असे शब्दकोशात आहे, पण ते म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेले नाही.

माझी ही ग्रंथी हळूहळू मंदावत होती, आणि मला वाटत होते की वय झाले. सत्तेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण बायकांना सगळे वयावर ढकलायची सवय असते. थंडी वाजायची, वय. केस गळायचे, वय. जेमतेम खाऊन वजन वाढायचे, तेही वय. पेपर तपासताना टेबलावरच झोप लागायची. मात्र एके दिवशी हजेरी घेताना, तीन वर्षे माझ्या वर्गात असलेल्या मुलीचे नाव मला आठवेना, तेव्हा मी घाबरले. रक्त तपासले. टी.एस.एच. अडतीस आले. साधारण चार-साडेचारपर्यंत असायला हवे ते.

हा टी.एस.एच. म्हणजे काय, ते मला नंतर समजले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. थायरॉइडचे काम ढिले पडले की ती तिला हाका मारते. ग्रंथी जितकी मंद, तितक्या हाका मोठ्या. माझी अडतीसच्या आवाजात ओरडत होती. आपल्याकडे मिठात आयोडीन आल्यापासून गलगंडाचे प्रमाण खूप कमी झाले. आता या मंदपणाचे नेहमीचे कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वतःच्याच ग्रंथीवर धरलेला डूख. १९१२ साली हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी अशा ग्रंथींचे पहिले वर्णन केले. माझा आजार त्यांच्याच नावाचा.

डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी लिहून दिली आणि सांगितले, बहुधा जन्मभर घ्यावी लागेल. त्या एका शब्दाने घोटाळा केला. आत्येसासूबाई म्हणाल्या, "एकदा सुरू केलीस की सुटायची नाही बघ. त्यापेक्षा धण्याचं पाणी घे." मी शिकलेली, शिकवणारी बाई, तरी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज रात्री धणे भिजत घालून सकाळी ते पाणी प्याले. संक्रांतीला माझा आवाज इतका घोगरा आणि चेहरा इतका सुजलेला होता की तिळगूळ घ्यायला आलेल्या शेजारणीने विचारले, "रडलीस का गं?" दुसऱ्या दिवशी मी गोळी आणली.

त्या वेळी मला एक गोष्ट कुणी सांगितली असती तर बरे झाले असते. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरांकडे सेहेचाळीस वर्षांची एक बाई आली. अंग सुजलेले, बोलणे जड, हालचाल संथ. या रोगाला तोवर नाव मिळाले होते, उपाय नव्हता. रोगी हळूहळू विझत जाई. मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून तिला टोचला. ती सुधारली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी मेंढीची ग्रंथी तोंडाने दिली तरी गुण येतो हे दाखवले. त्यांतल्या एकांनी ती हलकी परतून, बारीक करून, मुरंब्यासारख्या जेलीबरोबर खायला सांगितली होती. मरे यांची ती बाई १९१९ पर्यंत, चौऱ्याहत्तर वर्षांची होईतो जगली. तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क तिच्या पोटात गेला, असा हिशेब मरे यांनीच नंतर मांडला. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडॉल यांनी ग्रंथीतला तो पदार्थ स्फटिकरूपात वेगळा काढला, आणि १९२७ पर्यंत इंग्लंडमध्ये हॅरिंग्टन यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. आज माझ्या हातात असलेली शाबुदाण्याएवढी गोळी ही त्या मेंढ्यांची वारस. तिचे व्यसन लागत नाही. ग्रंथी जो पदार्थ बनवायची, तोच आपण बाहेरून पुरवतो.

तर गोळी सुरू झाली. पन्नास मायक्रोग्रॅमपासून. सहा आठवड्यांनी तपासणी. कमी पडते म्हणून पंचाहत्तर. पुन्हा सहा आठवडे, मग शंभर. मग सव्वाशे. आणि टी.एस.एच. अकराच्या खाली यायला तयार नाही. औषधात दम नाही, असा निकाल मी देऊन टाकला होता. शेवटी एका परिचितांच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी कागद पाहिले आणि सरळ विचारले, "गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर."

"आणखी काय घेता?"

"कॅल्शियमची. विसरायला नको म्हणून दोन्ही एकाच डबीत ठेवते, एकदमच घेते."

"डबी कुठे असते?"

"गॅसच्या वरच्या फळीवर."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी जे सांगितले त्यात अवघड असे काहीच नव्हते, पण आधी मला कुणी ते सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही. दुधाने तिचे शोषण कमी होते, कॉफीने होते. इटलीतल्या डॉक्टरांना २००८ साली कॉफी पिणाऱ्या रुग्णांत हेच आढळले होते. सोयाबीनच्या पदार्थांचे तेच. कॅल्शियम आणि लोह तर गोळीला पोटातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. उष्णता, दमट हवा आणि उजेड तिला सोसत नाही. गॅसजवळची फळी ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा. म्हणजे सव्वाशे मायक्रोग्रॅम मी घेत होते खरी, पण अंगी किती लागत होते कोण जाणे.

मग मला वाटले, आता हा अर्धा तास आणायचा कुठून? आमच्याकडे सहाला सासऱ्यांचा चहा. चहा टाकणारीने सगळ्यांबरोबर घोट घ्यायचा, हा न लिहिलेला नियम. पण घड्याळ पाहिले तर अर्धा तास तिथेच होता. नळाला पाणी सव्वापाचला येते. उशाशी तांब्या-भांडे असतेच. डोळे उघडले की गोळी, वर भांडेभर पाणी. मग हंडे-कळश्या भरा, टाकी भरा, अंघोळ करा, की सहा वाजतात. बाटली आता कपाटात साड्यांशेजारी असते, आणि कॅल्शियम दुपारच्या डब्यानंतर.

रात्री घेतली तर चालते का? चालते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली दाखवले की झोपताना घेतलेली गोळी सकाळच्या इतकीच, किंबहुना थोडी अधिक लागू पडते. मात्र जेवण होऊन तीन तास तरी झालेले हवेत. आमच्याकडे साडेनऊला पाने घेतात, तेव्हा तो प्रश्नच मिटला. रात्रपाळीच्या माणसांनी जरूर विचार करावा. वेळ कुठलीही असो, ती रोजची एकच असावी.

आमच्या गोष्टीला मात्र एक शेपूट आहे. गोळी नीट घेऊ लागल्यावर महिन्याभरात माझी छाती धडधडू लागली, हात कापू लागले. सव्वाशे आता खरोखरच सव्वाशे लागू पडत होते! टी.एस.एच. तळाला गेले होते. बाईंनी मात्रा पंचाहत्तरवर आणली. जास्त गोळी हाडे ठिसूळ करते आणि हृदयाचा ताल बिघडवते, म्हणून ज्येष्ठांना किंवा हृदयविकार असलेल्यांना साडेबारा-पंचवीसपासून जपून सुरुवात करतात. हे औषध शरीरात सावकाश साचते. निम्मे जायलाच आठवडा लागतो. म्हणून सहा आठवड्यांआधी तपासण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. भजनी मंडळातल्या काकूंनी विचारले, एकादशीला काय करू? पाण्याबरोबर घ्या म्हटले. निर्जळी असेल तर? डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी.

या सगळ्यात सासूबाईंना आपलेही रक्त तपासावेसे वाटले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टी.एस.एच. सहा पॉइंट आठ. त्यांना कसलाही त्रास नव्हता, पण गोळी हवी होती. बाईंनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तेवढेच. वयाबरोबर हा आकडा थोडा चढतो. २०१७ साली युरोपात पासष्टीपुढच्या ७३७ जणांवर झालेल्या अभ्यासात एवढ्याशा वाढीसाठी गोळी दिलेल्यांना थकव्यात काही फरक जाणवला नव्हता. त्यामुळे सासूबाईंना नकार मिळाला. "सुनेला देतात, मला नाही," ही तक्रार अजून चालू आहे.

उलट माझ्या भाचीच्या बाबतीत एक दिवसही वाया घालवायचा नव्हता. ती आधीपासून गोळी घेते, आणि लग्नानंतरच डॉक्टरांनी तिला लिहून दिले होते: दिवस राहिल्याचे कळताच आठवड्याला दोन गोळ्या जादा सुरू करायच्या, आणि मग फोन करायचा. पहिले तीन महिने पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. एवढ्या दिवसांत निवांत तपासणीची वाट पाहणे परवडत नाही. भाचीने पहाटे चाचणी केली, जादा गोळी घेतली, मग डॉक्टरांना फोन केला. आणि अर्धा तास थांबून, नवऱ्याला उठवायच्या आधी, मला.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी टाचेला टोचून तिचेही रक्त तपासायला दिले. जन्मतःच ही ग्रंथी नसली वा मंद असली, तर पंधरा दिवसांच्या आत औषध सुरू करावे लागते, नाहीतर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही. अहवाल येईपर्यंत दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. तो चांगला आला. भाचीची गोळी बाळंतपणानंतर पुन्हा जुन्या मात्रेवर आणली आहे, आणि पहाटे दुधासाठी उठवणारी आता घरातच असल्यामुळे वेळ चुकत नाही.