माणूस तपासायचा की बंदूक मोजायची?

१५ मार्च २०१९. शुक्रवार. सकाळचा दुसरा चहा घेत होतो, तेवढ्यात मुलानं मोबाइल पुढं केला. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहरात जुम्याच्या नमाजेसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला होता. तिथं दुपारचे पावणेदोन वाजत आले होते, तेव्हा आपल्याकडे जेमतेम सकाळचे सहा वाजून गेले होते. अल नूर आणि लिनवूड अशा दोन मशिदी. अखेरच्या मोजणीत ५१ माणसं गेली. त्यांत पाच भारतीय नागरिक होते. बंदूकवाला दाराशी आला तेव्हा तिथल्या कुणीतरी त्याला ‘हॅलो, ब्रदर’ म्हटलं होतं. आमच्या मशिदीच्या दारातही असा एक माणूस असतोच. येणाऱ्याला सलाम करणारा, चपला नीट लावायला सांगणारा.

दुपारी जुम्याला गेलो. नमाज झाल्यावर अंगणात लोक रेंगाळले. कुणी गोऱ्यांच्या द्वेषाबद्दल बोललं, कुणी राजकारणाबद्दल. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “ते सगळं खरं. पण त्याला बंदूक दिली कुणी?”

श्रोतेहो, आज मी याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. त्याचं उत्तर सरळ आहे. बंदूक दुकानदारानं दिली, पोलिसांनी दिलेला परवाना बघून. मारेकऱ्याचं नाव मी घेणार नाही. १९ मार्चला न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणून भाषण सुरू केलं आणि त्याचं नाव आपण कधीही उच्चारणार नाही असं सांगितलं. तो शिरस्ता मला आवडला.

परवाना म्हणजे काय, हे मला कोकणातल्या माझ्या मामूंमुळे ठाऊक होतं. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणासाठी एक बंदूक होती. रानडुक्कर आणि वानरांसाठी. परवान्याची एक वही असे. तिच्यात मामूंचं नाव आणि फोटो तर असेच, शिवाय बंदुकीचा नंबरही असे. म्हणजे आपल्याकडे माणूसही तपासला जातो आणि त्याची बंदूकही मोजली जाते. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. त्याच आठवड्यात, १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली होती आणि मामू फोनवर कुरकुरत होते, “डुकरांना कळते का रे आचारसंहिता?”

न्यूझीलंडमध्ये वेगळं होतं. तिथं १९२० च्या कायद्यानं बंदुकांची नोंद सुरू झाली होती. पण वर्षं गेली तसं ते दप्तर अद्ययावत ठेवणं जड जाऊ लागलं. लोक घरं बदलत, बंदुका विकत, कागदावर काहीच येत नसे. शेवटी १९८३ च्या कायद्यानं ठरवलं, की माणूस एकदा नीट तपासायचा. तो ‘योग्य आणि लायक’ ठरला की त्याला परवाना द्यायचा, मग त्यानं किती रायफली घेतल्या ते मोजत बसायचं नाही. पिस्तुलांसारखे मोजके प्रकार तेवढे नोंदीत राहिले.

ही कल्पना मूर्खपणाची नव्हती. तो शेतकऱ्यांचा आणि शिकाऱ्यांचा देश आहे. ससे आणि पोसम नावाचा प्राणी तिथं पिकांचं, झाडांचं अतोनात नुकसान करतात. लोकांवर विश्वास ठेवून राज्य चालवणं तिथं जमतही होतं. पण १९९० च्या नोव्हेंबरात आरामोआना नावाच्या समुद्रकाठच्या वस्तीत एका माणसानं १३ जणांना मारलं. मग १९९२ मध्ये ‘लष्करी धर्तीच्या अर्धस्वयंचलित’ रायफलींसाठी वेगळी, कडक परवानगी आली. अर्धस्वयंचलित म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप जागेवर येते. १९९७ मध्ये सर थॉमस थॉर्प या निवृत्त न्यायाधीशांनी सरकारला सविस्तर अहवाल दिला आणि प्रत्येक बंदुकीची नोंद पुन्हा सुरू करा असं सांगितलं. तो सल्ला बावीस वर्षं तसाच पडून राहिला.

१९९२ च्या कायद्यात एक फट होती. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण ५१ माणसं त्या फटीतून गेली. रायफल ‘लष्करी धर्तीची’ आहे की साधी, हे बऱ्याच अंशी तिच्या मॅगझिनवरून, म्हणजे गोळ्यांच्या पेटीवरून ठरे. सात गोळ्यांची पेटी लावलेली अर्धस्वयंचलित रायफल साध्या परवान्यावर मिळे. त्याच रायफलीला तीस गोळ्यांची पेटी लावली की ती कडक परवानगीच्या वर्गात जाई. आणि ही मोठी पेटी विकत घ्यायला परवानाच लागत नसे! घरी नेऊन खटकन बसवायची, की झालं. तसं बसवणं गुन्हा होता, पण बसवणाऱ्याला बघायला तिथं कोण होतं?

आता माणसाच्या तपासणीचं काय झालं ते पाहू. हा माणूस ऑस्ट्रेलियातून २०१७ मध्ये तिथं राहायला आला आणि त्याच वर्षी त्याला परवाना मिळाला. अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या नातेवाइकाशी किंवा जोडीदाराशी पोलिसांनी बोलावं अशी पद्धत होती. त्याऐवजी इंटरनेटवरच्या खेळातून ओळख झालेला एक मित्र आणि त्या मित्राचे पालक यांच्या शब्दावर काम भागलं. शाही चौकशी आयोगानं डिसेंबर २०२० मधल्या अहवालात हे लिहून ठेवलं आहे आणि परवान्याच्या कामात पोलीस कमी पडले असं म्हटलं आहे. ज्या व्यवस्थेत सगळा भार एका तपासणीवर आहे, तिथं ती एक तपासणीच ढिली पडली.

पुढचं सगळं फार वेगानं झालं. सहाव्या दिवशी बंदीची घोषणा झाली. सव्विसाव्या दिवशी, १० एप्रिलला, संसदेत ११९ विरुद्ध १ मतानं कायदा मंजूर झाला. बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली आणि मोठ्या पेट्या बेकायदा ठरल्या. सशांसाठी लागणाऱ्या लहान रायफलींना मोकळीक राहिली. सरकारनं भरपाई देऊन बंदुका परत घेतल्या. २० डिसेंबर २०१९ पर्यंत ५६ हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या, त्यांसाठी दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला. पण बाहेर राहिल्या किती? ते सांगणं अवघड होतं, कारण १९८३ पासून कुणी मोजल्याच नव्हत्या.

ते एकमेव विरोधी मत डेव्हिड सीमोर या खासदारांचं. इतकी घाई कशाला, हा त्यांचा आक्षेप. बंदूकधारकांची तक्रार अशी, की एका परक्याच्या पापाची शिक्षा आम्हाला का? मी ही तक्रार हसण्यावारी नेत नाही. एका माणसाच्या कृत्यासाठी सगळ्या जमातीकडे संशयानं बघितलं जातं तेव्हा कसं वाटतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण बंदूक ही जमात नाही. ती परत करता येते आणि तिचे पैसे मिळतात.

“ज्याला मारायचंच आहे तो कुठूनही मिळवेल,” हे दुसरं वाक्य जगभर ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत आलेले दहा जण परवान्याच्या रांगेत उभे राहिले नव्हते. समुद्रातून आलेल्या रायफलीपुढं परवान्याचा कायदा काय करणार? पण ख्राइस्टचर्चचा मारेकरी चोरबाजारात गेलाच नाही. त्याला जायची गरजच पडली नाही.

अमेरिकेत हीच चर्चा वेगळ्या जागी अडते. तिथं शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत आहे. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेत वीस लेकरं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, तरी चार महिन्यांनी खरेदीदाराची तपासणी वाढवणारा प्रस्ताव सिनेटमध्ये पडला. न्यूझीलंडच्या कायद्यात असा हक्क नाही. सव्वीस दिवसांत कायदा झाला, त्यामागं हेही एक मोठं कारण आहे.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९९६ च्या एप्रिलमध्ये पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेले. बारा दिवसांत पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारनं राज्यांशी करार केला, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या आणि प्रत्येक बंदूक नोंदीत आणली. मीही अनेकदा हे उदाहरण दिलं आहे. मग १४ डिसेंबर २०२५ आला. सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर ज्यू लोक आपला सण साजरा करत असताना बापलेकांनी गोळ्या चालवल्या, पंधरा माणसं मारली. ते दोघं मुसलमान होते. एका मारेकऱ्याच्या हातातली बंदूक जिवावर उदार होऊन हिसकावून घेणारा फळविक्रेताही मुसलमान होता. पण त्याच्या आड मला लपायचं नाही. ख्राइस्टचर्चला मी जो प्रश्न विचारला, तोच इथंही विचारायला हवा: यांना बंदूक दिली कुणी? बापाकडे परवाना होता आणि परवान्यावर सहा बंदुका होत्या. मोजलेल्या, नोंदलेल्या. शहरात राहणाऱ्या माणसाला सहा कशाला, हा प्रश्न नंतर विचारला गेला. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे.

न्यूझीलंडनं जून २०२३ मध्ये नोंदवही पुन्हा उघडली. धारकांना आपल्या सगळ्या बंदुका नोंदवण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. त्यानंतर सत्तेवर आलेल्या आघाडीत बंदूकधारकांच्या संघटनेच्या माजी प्रवक्त्या निकोल मकी यांच्याकडे हे खातं आलं आणि सगळा कायदा नव्यानं लिहायचं काम निघालं. माणूस की बंदूक, हा वाद तिथं पुन्हा रंगला.

आम्ही कवी मंडळी ‘गोळी’, ‘शिकारी’, ‘नेम’ हे शब्द फार सहज वापरतो. त्या मार्चनंतर माझ्या दोन कवितांतून मी ते काढून टाकले. २२ मार्चला, म्हणजे पुढच्या शुक्रवारी, न्यूझीलंडच्या रेडिओ-टीव्हीवरून साऱ्या देशाला अजान ऐकवली गेली आणि मग दोन मिनिटं शांतता पाळली गेली. माझं सगळं आयुष्य रेडिओ ऐकण्यात गेलं आहे. रेडिओवरची ती दोन मिनिटांची शांतता कशी असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

निवडणुकीनंतर मामूंना बंदूक परत मिळाली. तीन वर्षांनी मामू वारले. परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. चाळिसावा झाल्यावर मामेभाऊ बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यात घेऊन गेला, मी सोबत होतो. हवालदारानं चष्मा लावून नळीवरचा नंबर वाचला, वहीतल्या नंबराशी ताडून पाहिला, पुन्हा एकदा वाचला आणि पावती फाडून दिली. ती पावती मामींनी ट्रंकेत ठेवली आहे.