ढगांवरचा डोंगर आणि नागलीची भाकर

पावसाळा सरला की आपल्या मंडळ्यांतील तरुण संघांच्या सहली कळसूबाईकडे निघतात. शनिवारी रात्री संभाजीनगरहून गाडी निघते आणि रविवारी सकाळी उपासनेच्या वेळेला पाळकांच्या मोबाईलवर फोटो येऊन पडतात. खाली दुधासारखे पसरलेले ढग, वर निळे आकाश आणि मधोमध आपली दहाबारा मुले. फोटो सुंदरच असतात. मात्र त्या ढगांच्या काठावर राहणारी माणसे काय खातात, हे त्यांतल्या एकाही फोटोत दिसत नाही. या अंकात त्याविषयी लिहावे असे मनात आले. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतील महिला गटांच्या कामानिमित्त त्या भागात माझे अनेक वर्षे जाणे-येणे आहे, आणि तिथली बरीचशी ओळख मला चुलीपाशी बसूनच झाली.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. आपले संभाजीनगर साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर आहे, म्हणजे तिथे आपण आपल्या घरापेक्षा हजारभर मीटर उंच उभे असतो. डोंगर अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. पायथ्याचे गाव बारी. आपल्याकडून वैजापूर, कोपरगाव, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. रेल्वेने जायचे तर मनमाडमार्गे इगतपुरी आणि पुढे घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी. बारीतून माथ्यापर्यंत चढायला तीन-साडेतीन तास लागतात. खड्या कातळावर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. माथ्यावर देवीचे छोटे मंदिर आहे, आणि हवा स्वच्छ असली तर अलंग, मदन, कुलंग, रतनगड आणि भंडारदऱ्याचे पाणी दिसते.

आता ढगांविषयी, कारण जेवणाचा उगम तिथेच आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीच्या कड्याला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि सगळे पाणी तिथेच ओतून टाकतो. कड्याजवळच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या अहिल्यानगर शहरात सहाशे मिलिमीटरही पुरेसा मानतात. एका जिल्ह्यात आठपट फरक! त्या चार महिन्यांत शिखर ढगांच्या वर नसते, ढगाच्या पोटात असते. म्हणून पावसाळ्यात गेलेल्यांना पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. ढगांचा समुद्र पाहायचा तर ऑक्टोबर ते डिसेंबर. रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली दरीत साचते, तिच्यातला ओलावा धुके होऊन तळाशी बसतो आणि वर तुलनेने उबदार हवा झाकणासारखी राहते. ऊन चढले की नऊ-दहाच्या सुमारास सगळे विरते. तेव्हा सूर्योदयापूर्वी माथ्यावर असावे लागते.

पर्यटकाला जो देखावा वाटतो तो तिथल्या शेतकऱ्याला चार महिने न दिसणारा सूर्य असतो. आपल्या मराठवाड्यातली ज्वारी किंवा बाजरी त्या पावसात कणसातच काळी पडेल. दरीतल्या सपाट खाचरात भात होतो, पण खाचरे थोडी, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. उरलेली जमीन म्हणजे उतार. तिला वरकस म्हणतात. माती पातळ, दगड जास्त, पाणी थांबत नाही. अशा जमिनीवर जे दोन धान्य उभे राहतात ते म्हणजे नागली आणि वरई. नागली म्हणजे आपण बाजारात नाचणी म्हणून घेतो ती, आणि मोठ्या दुकानात पाकिटावर रागी लिहिलेली असते तीही हीच. वरई म्हणजे आपल्या शेजाऱ्यांकडे उपासाला शिजते ती भगर. शहरात तो उपासाचा पदार्थ. डोंगरात मात्र ते रोजचे पोटभर जेवण होते.

नागली पिकवणे सोपे काम नाही. उन्हाळ्यात डहाळ्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जमिनीचा एक तुकडा भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. पहिल्या पावसात त्यावर बी फेकायचे, रोप वीतभर झाले की उपटून उतारावर लावायचे. लावणीच्या दिवसांत बाया सकाळपासून पाठीवर इरले घेऊन (आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद) वाकलेल्या असतात. दिवाळीच्या सुमारास कणसे विळ्याने कापून आणतात. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी आणि मग जमिनीला विश्रांती, असा जुना फेर आहे. विश्रांतीसाठी जमीन सोडणे आता कमी झाले आहे, कारण वाटण्या होत होत तुकडे लहान झाले.

एवढ्या कष्टाने आलेल्या नागलीचा मोठा गुण म्हणजे ती टिकते. दाणा मोहरीएवढा आणि कठीण. कीड सहसा लागत नाही. शेणाने सारवलेल्या कणगीत ती वर्षानुवर्षे राहते. भात बुडाला त्या वर्षी हीच कणगी घर तारून नेत असे. दुसरा गुण शरीराला लागणारा: 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. ज्या वस्तीत दूध चहापुरतेच असते तिथल्या बाळंतिणीसाठी हा फरक फार मोठा आहे. म्हाताऱ्या बाया तिला नागलीची पेज देत आल्या, त्या आकडे वाचून नव्हे.

भाकरीची गोष्ट मी स्वतः हात भाजून शिकले आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगते. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. थंड पाण्यात मळले तर थापताना कडा फाटतात. म्हणून पाण्याला उकळी आणायची, त्यात पीठ घालून झाकायचे, आणि वाफ जिरली की गरम असतानाच चांगले मळायचे. मग थापून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची. रंग काळपट तांबडा, चव किंचित मातकट. सोबत खुरासणीची चटणी, नाहीतर आठवडे बाजारातून आणलेले सुके बोंबील. पावसाळ्यात खेकड्याचे कालवण असले तर मग काही विचारू नका. उरलेले पीठ ताकात कालवून ठेवले की सकाळी आंबील होते, आणि शेतावर जाताना एवढे पिऊन दुपारपर्यंत काम करता येते.

भाज्या तर रानातूनच येतात. पहिल्या पावसानंतर कुर्डू आणि कवळा, मग भारंगी, करटुली, चाईच्या वेलाचा मोहर. तेऱ्याची पाने नुसती शिजवली तर घसा खाजतो, कारण त्यांत सुईसारखे बारीक क्षार असतात; म्हणून त्यात चिंच किंवा दुसरे आंबट घालतात. कोणते पान कधी खुडायचे, कशाबरोबर शिजवायचे आणि किती मागे ठेवायचे, हे ज्ञान बायांकडे आहे आणि ते कुठे लिहिलेले नाही. मी त्यांच्या मागे फिरून ओळखायचा प्रयत्न करते, तरी दोन भाज्यांत मला अजून फरक कळत नाही आणि त्यावर पोरी हसतात.

मग हे जेवण सहलीला गेलेल्या मुलांच्या ताटात का येत नाही? एकदा एका घरी आम्ही सहा जण होतो. घरातल्या आजी चुलीपुढे बसून गव्हाच्या चपात्या लाटत होत्या. सवय नसल्यामुळे त्या नीट गोल होत नव्हत्या. मागच्या बाजूला टोपलीत नागलीच्या भाकरी फडक्याखाली झाकलेल्या होत्या. मी मागितली तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, “पाव्हण्यांना काळी भाकर कशी वाढावी, ताई? घरात गहू हाये ना.” गहू रेशनचा होता.

रेशनविरुद्ध मला काहीही म्हणायचे नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो, आणि 2023 पासून ते मोफत आहे. उपाशी झोपणारी घरे मी पाहिली आहेत. त्या धान्याची किंमत मला कळते. पण गहू-तांदूळ घरी येऊ लागला की उतारावरची नागली लावायला हात उरत नाहीत, आणि नवी सून म्हणते की वरई कांडायला अर्धा दिवस कोण घालवणार? तिचे म्हणणे बरोबर आहे. वरईचे टरफल काढायला उखळात पुन्हा पुन्हा कांडावे लागते, पाखडावे लागते, पुन्हा कांडावे लागते. ज्यांच्या खांद्यावर मुसळ नाही त्यांनी परंपरेचे कौतुक जरा बेताने करावे, असे माझे मत आहे. गावात टरफल काढायचे छोटे यंत्र आले तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

दिलेल्या अन्नाबरोबर लाज कशी येते, हे मराठवाड्याला नवीन नाही. 1972 च्या दुष्काळातला अमेरिकेचा लाल मिलो आणि सुकडी आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांनी जीव वाचवले, हे खरे. पण ते खाणाऱ्याची आवड कोणी विचारली नव्हती, हेही ते सांगतील. आणि गरिबाचे धान्य म्हणून भरडधान्याकडे पाहायचे तर यहेज्केलाला जी भाकर करायला सांगितले तिच्या धान्यांतही गहू-जवाबरोबर ते आहेच.

जगात इतरत्रही हेच चित्र दिसते. व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या सीमेजवळ, सा पा नावाचे गाव आहे. शेजारचे फान्सीपान शिखर सुमारे 3143 मीटर उंच, तेही ढगांच्या वर, आणि 2016 पासून तिथे रोपवे जातो. त्या डोंगरांत ह्मोंग लोक राहतात. त्यांच्यात ख्रिस्ती मंडळ्याही बऱ्याच आहेत. दरीत पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, पण आणखी पूर्वेच्या खडकाळ भागात दगडांच्या फटींत मूठमूठ माती पाहून मका लावतात. तो जात्यावर दळून, पाणी शिंपडून, दोनदा वाफवतात. त्याला मेन मेन म्हणतात. भात महाग, मका घरचा. उतार, ढग, जाते आणि सपाटीवरच्या धान्याचा मान, चारही गोष्टी आपल्याच अकोल्यातल्या वाटाव्यात इतक्या जुळतात. आज ढग पाहायला आलेल्या पाहुण्यांना बाजारात हा मेन मेन खायला मिळतो.

आपल्याकडेही वारे थोडे फिरले आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्राने नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4290 रुपये ठरवला, साध्या भाताचा 2300. त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली. 2020 च्या पद्मश्रींत त्यांचे नाव आहे. तरी शहरातल्या पाकिटाची किंमत वाढली म्हणून डोंगरावरच्या बाईच्या हातात जास्त पैसे पडतात असे नाही. मधल्या माणसाला टाळून सरळ तिच्याकडून घेतले तरच पडतात. ते करायला सहलीइतकी सोपी संधी दुसरी नाही.

म्हणून या हंगामात जाणाऱ्या तरुण संघांना काही व्यवहाराच्या गोष्टी. सोबत नूडल्सची पाकिटे आणि ब्रेडचे पुडे नेऊ नका. रिकामी पाकिटे शिडीखाली सापडतात. बारीत किंवा आसपासच्या पाड्यांत घरगुती जेवण मिळते. मुक्कामाच्या घरी आधी फोन करून नागलीची भाकर स्पष्ट मागा, नाहीतर चपातीच वाढतील. एक दिवस आधी सांगणे गरजेचे आहे, कारण पीठ दळून ठेवत नाहीत, लागेल तसे दळतात. भाव आधी विचारा आणि घासाघीस करू नका. ताटात आले ते संपवा. आवडले तर येताना दोन-चार किलो नागली विकत घ्या; नवे धान्य दिवाळीनंतर घरात येते, तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटी गेलात तर ढगही मिळतील आणि ताजी नागलीही. घरी आणल्यावर निवडून, धुऊन, कडक उन्हात वाळवा आणि मग गिरणीत द्या. गिरणीवाल्याला सांगून ठेवा की आधी गहू दळलेला नसावा, नाहीतर पहिली भाकर पांढरी येईल.