प्लॅटिनम घासत राहायचे की काढून टाकायचे?

धारूरच्या शिवारात नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरला स्पार्क प्लगच नसतो. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने मुंबईत बनवलेला बी-२७५ही डिझेलचाच होता. अमेरिकेत मात्र फोर्ड ८एनसारखे पेट्रोल ट्रॅक्टर अजून चालतात, आणि त्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे की नाही हा तिथल्या शेतकऱ्यांसमोरचा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे तोच प्रश्न १९७२ची नगरची लुना, त्याच वर्षी आलेली बजाज चेतक आणि जुनी पेट्रोल जीप यांच्यापाशी येतो. माझे मत स्पष्ट आहे: गाडी रोज कामाला लागत असेल, तर हा बदल करावा. पण ताकद वाढेल म्हणून नव्हे, तर झिजणारा एक भाग कमी होतो म्हणून.

मेकॅनिक ज्याला प्लॅटिनम म्हणतात, त्याच्या टोकांना पूर्वी खरोखर प्लॅटिनम असे. पुढे टंगस्टन आले, नाव तेच राहिले. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा ही टोके उघडतो, त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगवर हजारो व्होल्टची ठिणगी पडते. चार सिलिंडरची जीप मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालली, तर टोके तासाला २ लाख ४० हजार वेळा उघडतात. प्रत्येक वेळी थोडे जळणे, थोडे घासणे होतच राहते. फायबर झिजला की गॅप कमी होते, टोके उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. बालाघाटाचा चढ चढताना गाडी गुदमरते तेव्हा कार्ब्युरेटरला दोष दिला जातो. पुष्कळदा चूक या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत असते. सीडीआय या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये घासणारे काहीच नाही. मॅग्नेटच्या कॉइलमधून कपॅसिटर भरतो, दुसरी छोटी कॉइल इशारा देते आणि साठलेली वीज एकदम ठिणगी देणाऱ्या एच.टी. कॉइलमध्ये सुटते. टायमिंग एकदा बसले की झिजेमुळे सरकत नाही. याचा पुरावा शेतकऱ्याच्या गोठ्यातच आहे. होंडाच्या १९८३ पासूनच्या जीएक्स इंजिनांत प्लॅटिनम नाही, आणि अशा इंजिनावरच्या फवारणी पंपाची गॅप कधी कुणाला तपासावी लागत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप रस्त्यावरच्या दुरुस्तीचा आहे. धारूरच्या घाटात गाडी बंद पडली तर प्लॅटिनम पॉलिश पेपरने घासून घर गाठता येते. सीडीआयची डबी गेली की ती घासून चालत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच गॅरेजपासून लांब राहणाऱ्याने ते हसण्यावारी नेऊ नये. पण प्लॅटिनमची सोपी दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागते, ही तिचीच दुसरी बाजू. दुसरा आक्षेप खर्चाचा. जीपमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली छोटे मॉड्यूल बसते, काम सोपे आहे. चेतकला मात्र बहुधा कॉइलची पूर्ण प्लेट आणि मॅग्नेट बदलावे लागते. वर्षाला चार वेळा बाहेर निघणाऱ्या स्कूटरवर एवढा खर्च करण्यात मला अर्थ वाटत नाही.

बदलापूर्वी निदान हवे. सायलेन्सर चोंदला असेल, कॉम्प्रेशन गेले असेल, वायर जीर्ण असेल, तर नवी ठिणगी काही करू शकणार नाही. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टचे मॉड्यूल लावणे चूकच. फोर्ड ८एनमध्ये बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते; तिथे उलट जोडणी केली की मॉड्यूल जळते. आपल्या जुन्या गाडीचेही हे आधी तपासावे. कॉइल मॉड्यूलला जुळणारी हवी, आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये; दोन्ही चुकांत मॉड्यूल तापून जाते. घाटाची चिंता असेल तर स्कूटरवाल्याने डिकीत जादा सीडीआय ठेवावा. दोन नट आणि एक सॉकेट, एवढेच काम. जीपवाल्याने काढलेले प्लॅटिनम आणि कंडेन्सर पुसून, कागदात गुंडाळून हत्यारांच्या डब्यात ठेवावेत, सोबत एक फिलर गेज.