दास्यमुक्तीनंतरचा जमिनीचा प्रश्न : अमेरिका आणि जुना सातारा जिल्हा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केलेला आहे. फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. आज सांगली जिल्ह्यात असलेला तासगाव तालुकाही तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत असे. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख वारंवार होतो. ज्या मुक्तीचा तीत गौरव आहे, तिचे पुढे काय झाले, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

१८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध सुरू असताना अध्यक्ष लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी काढलेला मुक्तीचा जाहीरनामा केवळ बंडखोर प्रदेशांना लागू होता. देशभरातील गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने संपली. सुमारे ४० लाख माणसांचा हा प्रश्न होता. पुढील पुनर्रचनेच्या काळात १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व व १८७० च्या दुरुस्तीने पुरुषांना मताधिकार मिळाला, शाळा निघाल्या, कालचे गुलाम विधिमंडळात बसले. जमीन तेवढी मिळाली नाही. सेनापती शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये किनारपट्टीतील जमीन कुटुंबागणिक ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला होता. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती बहुतांशी जुन्या मालकांना परत देवविली. परिणामी मुक्त झालेला माणूस पूर्वीच्याच मालकाच्या शेतात अर्धेलीने राबू लागला आणि हंगाम सरला तरी दुकानदाराचे देणे सरेना. १८७७ मध्ये दक्षिणेतील लष्करी पाठबळ निघाले व मताधिकारही क्रमाने हिरावला गेला. ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली तेव्हा ही पीछेहाट पुरी व्हायची होती.

महाराष्ट्रातील महार वतनाची गोष्ट याच्या उलट आहे. अमेरिकेतील मुक्त गुलामापाशी जमीन नव्हती. येथे जमीन होती, पण तीच बेडी होती. अल्पशा इनाम जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात निरोप पोहोचविणे, पहारा देणे, सरकारी कामासाठी वेळीअवेळी हजर राहणे ही कामे पिढीजात अंगावर पडत. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या व्यवस्थेस वैधानिक आधार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. सेवा सुटावी, पण जमीन जाऊ नये, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता.

ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. सेवेचे बंधन तुटले. जमीन मात्र आपोआप मोकळी झाली नाही. ठरावीक रक्कम सरकारात भरल्यावरच ती वतनदाराला पुन्हा प्रदान होई आणि हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट असे. तासगावसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात, अनेक हिस्सेदारांत विभागलेल्या कोरडवाहू तुकड्यासाठी ही रक्कम उभी करणे हेच पुष्कळ कुटुंबांपुढचे संकट होते.