बसले की हाडे का टोचतात?

दमून आलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? "बसा घटकाभर." बसणे म्हणजे विसावा. उभे राहून पाय दुखतात, चालून पोटऱ्या भरून येतात. पण बसून कुणाला दुखते का? आम्हीही असेच समजत होतो. सारी नोकरी मुलांना "खाली बसा रे" म्हणण्यात गेली. पण म्हातारपणी एक वर्ष असे आले, की कुणी "बसा गुरुजी" म्हटले तर आमच्या पोटात गोळा येई.

त्याचे असे झाले. नोकरी संपल्यावर आम्हाला क्षयाचा आजार झाला. खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, तोंडाला चव नाही. दुखणे काय आहे हे कळायलाच दोन महिने गेले. तोवर आम्ही खोकल्याच्या बाटल्या पीत होतो. ६६ किलोचे आम्ही ५१ किलोवर आलो. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबू लागला. मग थुंकी तपासली, औषध सुरू झाले. ताप गेला, खोकला गेला. भेटायला येणारे म्हणू लागले, "गुरुजी उठले बरं का." उठलो खरे, पण बसता येईना!

आमच्या गावी दर गुरुवारी देवळात भजन असते. देवळात शहाबादी फरशी आहे. बरे वाटल्यावर पहिल्याच गुरुवारी गेलो, मांडी घालून बसलो. एक अभंग होतो न होतो, तोच बुडाखाली दोन खडे ठेवल्यासारखे टोचू लागले. हात घालून पाहिले, तर खडा नाही नि काही नाही. या कुशीवर कललो, त्या कुशीवर कललो. शेवटी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो, तो घरी आलो. पुढल्या गुरुवारी गेलोच नाही. पंगतीला जाणे सोडले. पारावर जाणे सोडले. लोक म्हणाले, "गुरुजी आता माणसांत येत नाहीत." सांगणार तरी काय? ताप आला हे सांगता येते, दात दुखतो हे सांगता येते. बूड दुखते हे साठी उलटलेल्या हेडमास्तराने चारचौघांत कसे सांगावे? लाजेपायी आम्ही तीन महिने गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे उभेच राहिलो म्हणा.

हे टोचते तरी काय? एक करून पाहा. पाटावर बसा. दोन्ही हातांचे तळवे वर करून बुडाखाली घाला. जरा डावीउजवीकडे डुला. एकेका तळव्यावर हाडाचा एकेक गोळा लागेल. कमरेच्या मोठ्या हाडाची ही खालची दोन टोके. जाड माणसाला असतात, बारीक माणसालाही असतात. आपण ताठ बसलो की वरच्या अंगाचा बहुतेक भार या दोन टोकांवर येतो. त्यांच्या मागे, मधोमध, माकडहाड असते.

आता तुम्ही म्हणाल, कुल्ल्याला तर चांगले जाड मांस असते, मग हाड टोचते कसे? इथेच गंमत आहे. उभे असताना ते मांस हाडावर पांघरलेले असते. पण बसताना मांडी वाकली, की ते वर सरकते आणि हाडाचे टोक उघडे पडते. मग हाड आणि जमीन यांच्यामध्ये उरते काय? कातडी आणि तिच्या आतला चरबीचा थर. बायका डोक्यावर घागर घेतात तेव्हा खाली चुंबळ ठेवतात ना? तशी ही देवाने दिलेली आतली चुंबळच.

आजारात माणूस जेवत नाही. पण शरीराचा खर्च चालूच असतो. मग शरीर आपल्या कणगीला हात घालते. चरबी ही आपली कणगी. ती उपसता उपसता बुडाखालचा थरही पातळ होतो. नुसती चरबीच जाते असेही नाही. मांसही झडते. दुष्काळात शेतकरी बियाणेसुद्धा खातो, तसेच हे. म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला तीच फरशी, तोच बाक, तीच सायकलची सीट टोचू लागते. फरशी बदललेली नसते, मधला थर गेलेला असतो. हल्ली शहरात पुष्कळ लोक मुद्दाम वजन कमी करतात. त्यांनाही हीच तक्रार होते. तिचे कारण हेच.

टोचणे ही शरीराची हाक आहे. शेतात रबरी नळीवर पाय पडला की पुढचे पाणी थांबते. तसे हाड आणि फरशी यांच्या चिमट्यात बारीक रक्तवाहिन्या दबतात. रक्त पोचत नाही, मग तिथे रग लागते, मुंग्या येतात. चांगला माणूस नकळत हलतो, कूस बदलतो, आणि रक्त पुन्हा चालू होते. पण जो हलू शकत नाही, किंवा ज्याला तिथली जाणीवच राहिलेली नाही, त्याची कातडी तशीच दबून राहते आणि मरते. तिथे जखम होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला, कुल्ल्याला ज्या जखमा होतात त्या याच.

हाडाच्या टोकाशी पाण्याची एक बारीक पिशवी असते. ती घासून घासून सुजते. फार तास कडक बाकावर बसणाऱ्यांना हे दुखणे होते. इंग्रजीत त्याला जुने नावच आहे, विणकराचे बूड! मागावर दिवसदिवस बसणाऱ्यांना ते होई म्हणून. हे आम्हाला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. ते ऐकून आमची निम्मी लाज गेली. साहेबाच्या देशात ज्याला नाव आहे, ते आपण का लपवावे?

पण दवाखान्यात जाण्याआधी आम्ही एक शहाणपणा केला. तो सांगायलाच हवा, म्हणजे तुम्ही करणार नाही. घागरीला चुंबळ, तशी बुडालाही चुंबळ करावी, असे आमच्या डोक्यात आले. जुन्या धोतराची जाड चुंबळ वळली आणि तिच्यावर बसू लागलो. पहिले दोन दिवस बरे वाटले. आठ दिवसांनी आमच्या मंडळींनी पाहिले, तर तिथे तांबडा चट्टा. "अहो, हे काय करून घेतलंत?" त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी चट्टा बोटाने दाबून पाहिला. दाबल्यावर तो पांढरा झाला, बोट काढल्यावर पुन्हा तांबडा झाला. "गुरुजी, थोडक्यात वाचलात," त्या म्हणाल्या. दाबूनही चट्ट्याचा रंग बदलला नसता, तर आत जखम सुरू झाली असे समजायचे. सावळ्या कातडीवर तांबडेपणा दिसत नाही. तिथे काळसर डाग, हाताला लागणारी ऊब किंवा घट्टपणा पाहावा. अशा जागी भार द्यायचा नाही आणि तेल लावून रगडायचेही नाही. रगडल्याने आतले आणखी फाटते.

चुंबळीने बिघडले ते कसे? चुंबळ मध्ये पोकळ असते. मधला भाग लोंबतो, आणि भोवतालची कड कातडीला गोल आवळते. आतले रक्त अडते. घागरीला रक्त नसते, म्हणून तिला चुंबळ चालते. सायकलच्या ट्यूबचे तसेच, दुकानातल्या भोकाच्या रबरी उशीचेही तसेच.

मग बसायला घ्यावे काय? आपली वाकळ. जुन्या लुगड्यांची, थरावर थर घालून शिवलेली. तिच्या चार-सहा घड्या घालाव्या. ती दबते, पण बसत नाही. कापसाची मऊमऊ उशी दिसायला छान. पण बसले की कापूस बाजूला सरतो आणि हाड तळाला टेकते. पारख सोपी आहे. घडीवर बसा आणि कुणाला तरी घडीच्या खाली, हाडाच्या बरोबर खाली, तळवा घालायला सांगा. त्याच्या तळव्याला हाड लागले, तर घडी पातळ आहे. आणखी एक घडी घाला. गावात खुर्चीची दुकानी गादी मिळाली तर तीही चालेल, पण तिचीही हीच पारख करावी.

दुखणे मधोमध माकडहाडाशी असेल तर गोष्ट वेगळी. मग घडीचा मागचा भाग मधोमध कापून खाच ठेवावी, म्हणजे माकडहाड टेकत नाही. आणि पाठीत पोक काढून, घसरून बसू नये. घसरून बसले की भार मागे माकडहाडावर जातो. भिंतीला टेकणारांनी बूड आधी भिंतीला भिडवावे, मग पाठ टेकावी.

खुर्ची असेल तर पाहायचे एवढेच, की पाऊल जमिनीला पुरते टेकले पाहिजे आणि मांडी आडवी राहिली पाहिजे. म्हणजे काही भार मांड्या उचलतात. खुर्ची ठेंगणी असली की गुडघे वर येतात आणि सगळा भार पुन्हा त्या दोन टोकांवर. उकिडवे बसले की या हाडांना काहीच लागत नाही. खुरपताना, गाय पिळताना आपण तसे बसतोच. गुडघे धड असतील त्यांनी मधूनमधून तसे बसावे. आमचे गुडघे ऐकत नाहीत.

कशावरही बसा, पण दगडासारखे बसू नका. पावएक तासाने एका अंगावर कला, मग दुसऱ्या अंगावर कला. अर्ध्या तासाने उभे राहा, चार पावले चाला. एसटीने लांब जायचे तर वाकळेची घडी बरोबर घ्यावी आणि गाडी थांबली की खाली उतरावे.

हे झाले वरचे उपाय. आतला थर परत कसा आणायचा? चरबी खाण्याने येते. मांस मात्र खाणे आणि मेहनत दोन्ही मागते. डाळ, मटकीची उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे हे मांस बांधणारे अन्न. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. आजारी माणसाला एकदम ताटभर जात नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे द्यावे. क्षयाच्या रोग्याला पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देते. २०१८ साली ५०० रुपयांनी सुरुवात झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. ते बँकेच्या खात्यात येतात. नाव नोंदले आहे ना, हे आशाताईला विचारावे. आणि औषध पुरे होईपर्यंत सोडू नये. बरे वाटले म्हणून सोडणारे पुन्हा आजारी पडतात.

मेहनतीचे सांगताना आम्हाला हसू येते. जन्मभर आम्ही मुलांना उठाबशांची शिक्षा दिली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला उठाबशाच दिल्या! अशक्त माणसाने खुर्चीवर बसावे, उठावे, पुन्हा बसावे. आधी पाच वेळा, हाताचा आधार घेऊन. मग दहा वेळा. मग आधार सोडून. रात्री उताणे निजून, गुडघे उभे करून, कंबर वर उचलावी, पाचपर्यंत मोजावे, खाली सोडावी. याने कुल्ल्याचे मांस भरते. सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत होईल असे कुणी सांगितले तर ऐकू नका.

शेवटी कामाचे सांगतो. आम्हाला वजन का उतरले ते ठाऊक होते. तुमचे वजन आपोआप उतरत असेल, खाणे कमी केलेले नसताना, तर आधी त्याचे कारण शोधा, घडी मागून शोधा. ६० किलोच्या माणसाचे वर्षभरात ३ किलो आपोआप गेले, तरी डॉक्टरला दाखवावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात. फार तहान, फार लघवी असेल तर साखर तपासावी. शौचातून रक्त जात असेल तर लाजू नये. आणि बुडाखालचा किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.

आमचे वजन आता ५९ किलो आहे. नुसत्या शहाबादी फरशीवर अजून बसवत नाही. म्हणून गुरुवारी वाकळेची घडी काखेत मारून देवळात जातो. पहिल्या दिवशी पोरे हसली. एक जण म्हणाला, "गुरुजी, मुक्कामाला आलात काय?" गेल्या गुरुवारी पाहिले, तर आणखी दोघे म्हातारे आपापल्या घड्या घेऊन आले होते.