वारा पडला, तरी लाट येते

आपल्या चांदूर रेल्वेहून समुद्र रेल्वेने सुमारे सातशे किलोमीटर. तेव्हा "समुद्राचं आपल्याले काय करा लागते?" असे कोणी म्हणेल. पण दिवाळीनंतर शाळांच्या सहली निघतात, त्यांतल्या काही कोकणच्या किनाऱ्यावर जातात. किनाऱ्यावरच्या पोरांना समुद्राची रीत लहानपणापासून ठाऊक असते. आपल्या पोरांना ती सांगावी लागते.

हिवाळ्यात कोकणात आभाळ निरभ्र असते. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे हळूहळू वाहतात. किनाऱ्याजवळचे पाणी परातीतल्या तेलासारखे संथ दिसते. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि बारीक लाटा उठतात. एवढे भूगोलाच्या पुस्तकात आहेच. पण वारा पार पडलेल्या सकाळीही मधूनच एक जाड लाट येते आणि धाडकन फुटते. ती कोठून आली?

ती दुरून आली. हिंदी महासागरात 40 अंश दक्षिण अक्षांशापलीकडे बाराही महिने जोरदार वारे असतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडचा शमाल वाराही समुद्र ढवळतो. तेथे उठलेली लाट वारा थांबला तरी चालतच राहते. ज्वारीचे उभे पीक डोळ्यांसमोर आणा. झुळूक आली की लाट या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाते, धांडा मात्र जागीच डोलतो. खोल समुद्रात पाणीही जागच्या जागी गोल फिरते. पुढे जाते ते लाटेचे बळ. चौदा-चौदा सेकंदांनी येणाऱ्या लाटांचे हे बळ दिवसाला 900 किलोमीटरहून अधिक जाते. म्हणजे दक्षिणेचे वादळ आठवड्याने कोकणात पोचते, आणि तेही वाऱ्याशिवाय!

उथळ पाण्यात लाटेला तळ लागतो. ती मंदावते, उंच होते आणि फुटते. किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जायला वाट शोधते. जेथे तळ थोडा खोल असतो तेथून ते ओघाने आत जाते. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. खरा धोका तेथेच.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी हा काही कोकणातला वादळाचा महिना नव्हे.

तेव्हा गुरुजींनो, निघण्यापूर्वी हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज पाहा. किनाऱ्यावर गेल्यावर तेथल्या कोळ्यांना भरती-ओहोटीची वेळ विचारा आणि ओहोटीत पोरांना पाण्यात सोडू नका. आधी वीस मिनिटे नुसते उभे राहून लाटा बघा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात. मधली शांतता पाहून फसू नका. दोन लाटांमधले सेकंद मुलांना मोजू द्या. बारा-चौदा भरले, तर लाट दुरून आली आहे असे समजा आणि घोट्यापुढे जाऊ नका. कोणी ओघात सापडलाच, तर त्याने ओघाशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर सरकून ओघाबाहेर पडावे आणि मग परत यावे. त्याला काढायला दुसऱ्याने उडी घेऊ नये. दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी.

हे सारे वर्गात, फळ्यावर चित्र काढून, गाडीत बसण्यापूर्वीच सांगा.