वेताची पिशवी आणि बांबूची पाटी



कांहीं दिवसांपूर्वीं येडगांवास एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. येडगांव हें जुन्नर तालुक्यांतील, नारायणगांवच्या जवळचें गांव. कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांपैकीं एक येथेंच आहे. स्नेह्यांच्या ओसरीवर खुंटीला एक अनोळखी पिशवी टांगलेली दिसली. उभट, नळकांड्यासारखी गोल, पाठीवर घेण्यास दोन पट्टे, आणि पिवळसर अंगावर काळी नक्षी. त्यांच्या चिरंजीवांनीं ती बोर्निओ बेटांतून आणली होती. किंमत ऐकून मी क्षणभर गप्प बसलों. त्याच खुंटीखालीं कोपऱ्यांत बांबूची एक जुनी पाटी उपडी घातली होती व तिच्याखालीं खुडूक कोंबडी कोंडली होती. ती पाटी कोणीं विणली, कितीला घेतली, हें घरांत कोणालाच आठवेना. आज या दोन वस्तूंविषयीं, आणि त्यांतही अधिक त्या पाटीविषयीं, बोलावयाचें आहे.

बोर्निओच्या अंतर्भागांतील अनेक मूळ जमातींना मिळून दायाक म्हणतात. त्यांच्यापैकीं कांहीं जमाती या पिशवीला आंजात म्हणतात. ती वेताची असते. वेत दिसण्यांत बांबूचा भाऊ वाटला तरी कुळानें निराळा. तो ताडामाडांच्या कुळांतला, कांटेरी, दुसऱ्या झाडांच्या आधारानें वर चढणारा व आंतून भरीव. बांबू गवताच्या जातीचा, स्वतःच्या बळावर उभा राहणारा व बहुधा पोकळ. म्हणून वेताला उंच झाडांचें रान लागतें, आणि बांबू शेताच्या बांधावरही येतो. पिशवी पाठीवर असली म्हणजे रानांत जाणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. हात मोकळे ठेवण्याची अशीच युक्ति आपल्या जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांतील भातशेतींत होती. बांबूच्या दोन विरळ जाळ्यांमध्यें रुंद पानें दाबून केलेलें इरलें डोक्यापाठीवर घेऊन बायका दिवसभर पावसांत भाताची लावणी करीत. त्याची जागा आतां बहुतेक प्लॅस्टिकच्या कागदानें घेतली आहे.

पाटी विणणारा तो बुरूड. हा फार जुना धंदा; बसवेश्वरांच्या काळचे, बाराव्या शतकांतील शिवशरण मेदार केतय्या याच व्यवसायांतले. आपल्याला विणकाम तेवढें दिसतें आणि आपण त्याचेंच कौतुक करतों. परंतु पाटीचें आयुष्य विणण्यापूर्वींच ठरलेलें असतें. बांबूचा कोंब एकाच हंगामांत आपली पुरी उंची गांठतो. पुढें तो उंच होत नाहीं कीं जाड होत नाहीं, आंतले तंतु मात्र पक्के होत जातात. वर्षाच्या आंतला कोंवळा बांबू वाळतांना सुरकुततो, फार जून झालेला फाडतांना तडकतो. दोन-तीन वर्षांचा बांबू हातीं लागला पाहिजे, आणि तोही हिरवा असतांनाच फाडला पाहिजे.

मग फाडणी. येडगांवाहून परततांना बाजारांत एका वृद्ध बुरूड बाईंपाशीं मी अर्धा तास बसलों. कोयत्यानें त्यांनीं बांबूला तोंडापुरती चीर दिली. पुढचें काम बहुतेक हातांनींच. चीर एका बाजूला सरकूं लागली, एक भाग पातळ होऊं लागला, कीं त्या जाड भागाला अधिक वांकवीत, आणि चीर पुन्हां मध्यावर येई. कांबीच्या आणखी पातळ पात्या काढतांनाही हीच युक्ति. वरची गुळगुळीत हिरवी पाठ वेगळी, आंतला पांढरा गाभा वेगळा. पाठींत तंतूंची दाटी असते, म्हणून ती चिवट; गाभ्यांत पिठूळ अंश अधिक, म्हणून तो मऊ, आणि भुंग्याला प्रिय. मी म्हणालों, “आजी, विणणें कठीण असेल.” त्या हंसल्या. “इणायला पोरीबी शिकत्यात, बाबा. फाडायला शिकाया उमर जाती.” आणि थोडें थांबून म्हणाल्या, “गिऱ्हाईक पैसं इणायचं देतं. फाडायचं कोन देतो?”

विणण्यांतलें एक गणित मात्र सांगण्याजोगें आहे. पाटीच्या उभ्या पात्या विषम संख्येच्या असल्या तर एकच आडवी पाती एक वर, एक खालीं अशी फिरवीत नेतां येते. फेरा पुरा झाला कीं पहिल्या वेळीं जिच्यावरून ती गेली, तिच्याच खालून ती आपोआप जाते. संख्या सम असली तर दुसऱ्या फेऱ्यांतही ती त्याच जागीं वर, त्याच जागीं खालीं येऊन वीण धरतच नाहीं. मग दोन पात्या बरोबर चालवाव्या लागतात. हा नियम दायाकांच्या वेताला आणि आपल्या बांबूला सारखाच लागूं आहे.

एके काळीं घरांतील किती कामें या विणीवर चालत! सूप, रोवळी, दुरडी, परडी, पाळणा. धान्याची कणगी तर शेणमातीनें लिंपून आंत कडुलिंबाचा पाला घालीत. सुपांतून वाण देतात. तिरडीचे बांबूही बुरूडाकडूनच येतात. शेतमालाच्या बाजारांतून मात्र पाटी उठली. नारायणगांवच्या बाजारांत आज टोमॅटोचा भाव क्रेटवर बोलला जातो. क्रेट एकावर एक रचतां येते, धुतां येते, पावसांत कुजत नाहीं; शेतकऱ्यानें ती घेतली यांत त्याचा दोष नाहीं. जी वस्तु माप होती ती माप राहिली नाहीं, आणि तिच्याबरोबर बुरूडाचें हंगामभराचें हुकमी गिऱ्हाईक गेलें.

कच्च्या मालाची कथा याहून विचित्र. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें बांबूला झाडांत गणलें होतें. त्यामुळें स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेण्यासही परवान्यांची कटकट होई. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूला गौण वनोपज ठरविलें आणि वनवासी लोकांचा त्यावरील हक्क मानला; त्याच्या आधारें गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गांवानें २०११ सालीं आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार मिळविला. झाडांच्या व्याख्येंतून तो वगळला गेला २०१७ सालीं, म्हणजे नव्वद वर्षांनीं. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या पुस्तकांत जें गवत आहे, तें कायद्याच्या पुस्तकांत इतकीं वर्षें झाड होतें! आतां जुन्नरच्या बागाईत शेतकऱ्यानें बांधावर एखादें बेट लावलें तर जवळच्या बुरूडाला ताजा, योग्य वयाचा माल मिळूं शकेल. लांबून आलेला वाळका बांबू फाडणीला जुमानत नाहीं.

पाटी घेण्यास जाल तेव्हां एवढें पाहा. ती उलटी करून बुडाशीं नख घासा. पाठीची पाती असेल तर नख घसरतें; गाभ्याची असेल तर ओरखडा उठतो. मी स्वतः एकदां स्वस्त म्हणून गाभ्याची टोपली घेतली, आणि सहा महिन्यांत तिच्याखालीं पिवळ्या भुकटीची रांगोळी पडूं लागली. नंतर कांठ दाबून पाहा. कांठाचा बांध पक्का असेल तर पाटी हातांत थोडी वांकते आणि सोडतांच पूर्ववत् होते. आणि ती विणणारी बाई समोर बसली असेल, तर पाटी कितीची हें विचारण्यापूर्वीं तिला बांबू कोठून आणला हें विचारा. बाजारांतल्या त्या आजींनीं मला त्याचें उत्तर सविस्तर दिलें: जातांना किती, येतांना किती, टेंपोचें भाडें किती, आणि एका बांबूंतून शेवटीं पाट्या किती.